कशाचा अभाव, आणि कुठे?

हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथला विसोबा खेचर आणि नामदेव यांची जी कथा सांगतात, ती मराठी घरांत वाढलेल्या बहुतेकांनी लहानपणीच ऐकलेली असते. विसोबा पिंडीवर पाय टाकून पडले आहेत. नामदेवांना ते सहन होत नाही. विसोबा म्हणतात, जिथे देव नाही अशा जागी माझे पाय उचलून ठेव. नामदेव पाय उचलतात, आणि जिथे ठेवू पाहतात तिथे पिंड उभी राहते. अशी रिकामी जागा काही त्यांना सापडत नाही.

त्याच औंढ्याच्या परिसरात आता लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होऊ घातली आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात पसरलेल्या तिच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या असतील आणि त्यांतल्या नळ्यांमधून हवा उपसून काढलेली असेल. अमेरिकेत हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथे अशा नळ्या आधीपासून आहेत. त्यांच्यातला दाब वातावरणाच्या दाबाच्या एक लाख कोटीव्या भागाच्या आसपास असतो. एवढा उपसा करूनही दर घन सेंटिमीटरला दोन-तीन कोटी रेणू मागे राहतात. तेही गेले असे घटकाभर धरले, तरी लेसरच्या मोजणीत एक अस्थिरता उरतेच, आणि ती कोणत्याही पंपाने जाण्यासारखी नाही. प्रकाशाच्या क्षेत्रातून सगळा प्रकाश काढून घेतल्यावर जे शिल्लक राहते, त्याचीच ती खूण आहे. लायगोच्या अभियंत्यांना तिची दखल घ्यावी लागते. २०१९ पासूनच्या निरीक्षणांत त्यांनी ही अस्थिरता एका बाजूने दाबून दुसऱ्या बाजूला ढकलण्याची युक्ती नियमितपणे वापरली आहे, आणि त्यामुळे यंत्र आणखी दूरचे ऐकू लागले आहे.

एकाच गावाशी जोडलेल्या या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की वाचकाच्या मनात लगेच एक विचार उभा राहतो: म्हणजे संतांना हे ठाऊक होते तर! हे पुस्तक लिहिताना मला सर्वात जास्त काळजी घ्यावी लागली ती याच विचाराची. विसोबांचा प्रश्न आणि लायगोचा प्रश्न हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्ही खरे आहेत, दोन्ही खोल आहेत. त्यांची उत्तरे एकमेकांत मिसळली की दोन्हींचे नुकसान होते. ते का, हे सांगण्यासाठीच ही प्रस्तावना थोडी लांबवते आहे.

पुस्तकाचा जन्म न्यूझीलंडमधल्या अप्पर हटमधला. वेलिंग्टनहून निघणारी लोकल हट खोऱ्यातून वर येत जिथे संपते, ते हे आमचे गाव. एका बाजूला रेमुटाका डोंगररांगा, मधून वाहणारी हट नदी, जिचे माओरी नाव ते आवा कायरांगी. खोऱ्यातली काही मराठी कुटुंबे रविवारी संध्याकाळी जमतात. नांदेडला पदवीच्या वर्गांना मी भौतिकी शिकवत होते, म्हणून तिथे बोलायचे काम माझ्याकडे आले. विषय मुलांनी निवडला: काहीच नसणे म्हणजे काय? त्यांना तो शाळेतून सुचला होता. इथल्या शाळेत सृष्टीच्या उत्पत्तीची माओरी वंशावळ शिकवतात. तिची सुरुवात ते कोरे, म्हणजे शून्यावस्था, इथून होते. मग ते पो, म्हणजे रात्र, आणि मग ते आओ मारामा, म्हणजे उजेडाचे जग. आजीआजोबांनी विसोबांची गोष्ट काढली, मुलांच्या आईबापांनी फोनवर आलेले ‘शून्यातून वीज’ काढणाऱ्या यंत्राचे चित्रीकरण दाखवले, आणि एका मुलीने विचारले की अंतराळात काहीच नसेल तर ते प्रसरण पावते कसे. या तीन प्रश्नांचा गुंता सोडवता सोडवता टिपणे वाढत गेली.

गुंता सुटायला मला जे हत्यार उपयोगी पडले ते भौतिकीतले नव्हते. ते नैयायिकांचे, म्हणजे भारतीय तर्काच्या न्याय परंपरेतल्या विचारवंतांचे आहे.

न्याय-वैशेषिकांनी अभाव हा स्वतंत्र पदार्थ मानला. कणादांच्या मूळ सहा पदार्थांत तो नव्हता. पुढच्या परंपरेने सातवा म्हणून त्याची भर घातली. पण तो मानताना त्यांनी एक शिस्त घालून दिली. नुसता ‘अभाव आहे’ असे म्हणता येत नाही. कशाचा अभाव, हे सांगावे लागते. ज्याचा अभाव असतो तो त्या अभावाचा प्रतियोगी. कुठे अभाव, हेही सांगावे लागते. ते त्याचे अधिकरण. जमिनीवर घट नाही, या वाक्यात घट प्रतियोगी आणि जमीन अधिकरण. प्रतियोगी सांगितला नाही तर वाक्य अपुरे राहते, आणि अपुऱ्या वाक्यावर वाद घालण्यात नैयायिकाला रस नसतो. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त हे सगळे अगदी थोडक्यात आले आहे. यशवंत वासुदेव आठल्ये आणि महादेव राजाराम बोडस यांच्या टिपांसह मुंबईत १८९७ साली निघालेली त्याची आवृत्ती आजही अभ्यासकांच्या हाताशी असते. अभावाचे चार प्रकारही तिथे आहेत: वस्तू घडण्याआधीचा प्रागभाव, मोडल्यानंतरचा प्रध्वंसाभाव, कधीच नसण्याचा अत्यंताभाव आणि ‘हे ते नव्हे’ असा अन्योन्याभाव.

प्राभाकर मीमांसकांना हे मान्य नव्हते. त्यांचे म्हणणे असे, की घट नसलेली जमीन म्हणजे नुसती जमीन. तिच्यावर ‘अभाव’ नावाची आणखी एक वस्तू कशाला बसवायची? हा वाद शेकडो वर्षे चालला. विसाव्या शतकातल्या भौतिकीने निर्वाताबद्दल जो वाद घातला, त्याची ठेवण जवळजवळ हीच आहे. निर्वात म्हणजे नुसती जागा, की त्या जागेचे स्वतःचे काही गुण आहेत? प्राचीनांना उत्तर माहीत होते असा याचा अर्थ नाही. प्रश्न नीट विचारायची पद्धत मात्र त्यांनी घडवली होती, आणि ती आजही चालते.

तर ही पद्धत घेऊन भौतिकीच्या इतिहासातून चालत जावे. सुरुवातीचा टप्पा मी पुस्तकात भराभर ओलांडला आहे, कारण तो शाळेत होतो. टॉरिचेलीच्या नळीत १६४४ च्या सुमारास पाऱ्याच्या वर उरलेली पोकळी ही हवेचा अभाव. १६४८ मध्ये पास्कालच्या मेहुण्याने, पेरिएने, प्वी द डोम डोंगरावर तशीच नळी नेली, तेव्हा उंचीबरोबर पारा उतरला आणि पाऱ्याला पेलून धरते ती बाहेरची हवा, हे पक्के झाले. गेरिकेने दोन अर्धगोल जोडून आतली हवा काढली आणि घोड्यांच्या जोड्यांनाही ते ओढून सुटेनात. प्रतियोगी इथे साधा: हवा. पण त्या पोकळीतून प्रकाश आरपार जात होता. लहर म्हटली की तिला माध्यम हवे, म्हणून एकोणिसाव्या शतकाने पोकळीत ईथर भरले. १८८७ मध्ये मायकेल्सन आणि मॉर्ले यांना त्याचा वारा सापडला नाही. १९०५ मध्ये आइन्स्टाइनने ईथरची गरजच काढून टाकली. जागा पुन्हा रिकामी झाली असे वाटले, पण ते फार काळ टिकले नाही.

इथून पुढे मी संथ चालले आहे, कारण बहुतेक गैरसमज याच वळणावर जन्मतात.

पुंजभौतिकीत सर्वत्र पसरलेली क्षेत्रे हीच मूळ वस्तू आहे. इलेक्ट्रॉन हे इलेक्ट्रॉन-क्षेत्राचे एक उत्तेजन, फोटॉन हे विद्युत-चुंबकीय क्षेत्राचे. सगळी उत्तेजने काढली की क्षेत्र आपल्या सर्वात खालच्या अवस्थेत येते. तिला निर्वात म्हणतात. म्हणजे या निर्वाताचा प्रतियोगी आहे कण. क्षेत्र हा त्याचा प्रतियोगी नव्हे, ते अधिकरण आहे. घट उचलला, जमीन जागेवर आहे. हा एक भेद मनात पक्का बसला की ‘विज्ञानाने शून्यातून सृष्टी निर्माण होते हे सिद्ध केले’ असल्या वाक्यांचा निम्मा जोर आपोआप उतरतो. जिथून काही निर्माण होते ती जागा नियमांनी आणि क्षेत्रांनी गच्च भरलेली आहे.

या खालच्या अवस्थेतही ऊर्जा शून्य नसते. उरते तिला शून्यबिंदू ऊर्जा म्हणतात. प्लांकने १९११ च्या सुमारास आपल्या समीकरणांत हा उरलेला भाग पाहिला, आणि पुढे पुंजयांत्रिकीने त्याचे कारण दिले: स्थान आणि गती दोन्ही एकाच वेळी पूर्ण निश्चित होऊ शकत नाहीत, त्यामुळे कोणताही दोलक अगदी निश्चल बसू शकत नाही. हेलियम हा याचा सर्वात देखणा पुरावा. नेहमीच्या दाबाखाली तो कितीही थंड केला तरी गोठत नाही. निरपेक्ष शून्य तापमानाच्या जवळही द्रवच राहतो. त्याला घन करायचे तर सुमारे २५ वातावरणांइतका दाब द्यावा लागतो. त्याच्या हलक्या अणूंची ही न जाणारी हालचाल त्यांना जागी बसू देत नाही.

लोकप्रिय पुस्तकांत निर्वाताचे चित्र असे रंगवतात, की तिथे कण क्षणोक्षणी उपजतात आणि विरतात, जणू सतत उकळी फुटते आहे. हे चित्र मला दिशाभूल करणारे वाटते, आणि या पुस्तकात ते मी जाणीवपूर्वक टाळले आहे. सर्वात खालची अवस्था काळाबरोबर बदलत नाही. तिच्यात काही घडत नाही. फक्त एवढेच, की तिथल्या क्षेत्राची किंमत मोजायला गेलो तर दर वेळी तीच संख्या येत नाही. मोजण्यांत पसारा असतो, आणि तो किती असावा हे सिद्धांत नेमके सांगतो. लायगोला जाणवते ती हीच गोष्ट. ‘आभासी कण’ ही गणित मांडण्याची एक सोय आहे, डोळ्यांसमोर नाचणारे जीव नव्हेत.

१९४८ मध्ये हॉलंडमधल्या फिलिप्सच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या हेंड्रिक कॅसिमिर यांनी दाखवले, की निर्वातात समोरासमोर ठेवलेल्या विद्युतभार नसलेल्या धातूच्या दोन पट्ट्या एकमेकींकडे ओढल्या जातील. अंतर एक मायक्रॉन असेल तर हे बळ नगण्य असते. आदर्श पट्ट्यांचे अंतर दहा नॅनोमीटरवर आणले तर तोच दाब एका वातावरणाइतका होतो. १९९७ मध्ये स्टीव्ह लॅमोरो यांनी आणि पुढच्याच वर्षी उमर मोहिदीन व अनुश्री रॉय यांनी हे बळ अचूक मोजले. याला अनेकजण निर्वात-ऊर्जेचा थेट पुरावा म्हणतात. मी म्हणत नाही. एमआयटीच्या रॉबर्ट जॅफी यांनी २००५ मध्ये दाखवून दिले, की हेच बळ पट्ट्यांतल्या विद्युतभारांच्या परस्परक्रियेतून, निर्वाताच्या ऊर्जेचे नावही न घेता, काढता येते. म्हणजे कॅसिमिर परिणाम खरा आहे, पण त्यावरून निर्वाताची एकूण ऊर्जा किती हे कळत नाही. कळतो तो दोन मांडणींमधला फरक.

फरक. ऊर्जेच्या बाबतीत सगळे इथे येऊन थांबते, आणि ‘शून्यातून वीज’ विकणाऱ्यांची फसवणूकही याच ठिकाणी उघडी पडते. कोयनेचे पाणी घाटाखाली कोकणात उतरते म्हणून जनित्रे फिरतात. समुद्रातले पाणी त्या धरणापेक्षा कितीतरी अधिक आहे, पण त्याला उतरायला खाली जागा नाही. निर्वात म्हणजे व्याख्येनेच सर्वात खालची पातळी. तिच्यात कितीही ऊर्जा असो, ती घ्यायला आणखी खालची जागा नाही. कॅसिमिरच्या पट्ट्या जवळ येताना एकदा काम करून देतील हे खरे, पण त्यांना पुन्हा दूर करताना तेवढेच काम परत द्यावे लागेल. चक्र पूर्ण झाले की हाती शून्य. एखाद्या यंत्राचा विक्रेता शून्यबिंदू ऊर्जेचे नाव घेतो तेव्हा त्याला एकच विचारावे: खालची पातळी कोणती? निवृत्तीची पुंजी अशा यंत्रांत घालणाऱ्यांची मला मनापासून काळजी वाटते. पुस्तकातले सर्वात सोपे आणि सर्वात सविस्तर प्रकरण त्यांच्यासाठी आहे.

यावर एक रास्त शंका येते. फक्त फरकच मोजता येत असेल, तर निर्वाताला स्वतःची ऊर्जा आहे असे म्हणण्यात अर्थ काय? प्राभाकरांनी हेच विचारले असते. उत्तर गुरुत्वाकर्षणात आहे. बाकी सगळ्या बळांना फरकाशी कर्तव्य असते. गुरुत्वाला मात्र एकूण ऊर्जेशी असते, कारण ऊर्जा जिथे आहे तिथे अवकाश वाकतो. निर्वाताला ऊर्जा असेल तर तिचे वजनही असले पाहिजे, आणि विश्वाच्या प्रसरणात ते दिसले पाहिजे.

१९९८ मध्ये दूरच्या अतिनवताऱ्यांच्या निरीक्षणांवरून विश्वाचे प्रसरण वेगावते आहे असे दिसले. ही वाढ निर्वाताच्या ऊर्जेमुळे मानली तर ती ऊर्जा दर घनमीटरला तीन-चार प्रोटॉनांच्या वस्तुमानाइतकी निघते. ही किती थोडी आहे हे समजण्यासाठी मी एक हिशेब केला. पृथ्वीच्या संपूर्ण आकारमानात जेवढी निर्वात-ऊर्जा मावेल, ती विजेच्या हिशेबात सुमारे १ लाख ६० हजार युनिट होते. कोयनेचा १,९६० मेगावॅटचा प्रकल्प पूर्ण क्षमतेने चालला तर एवढी वीज पाच मिनिटांत देतो.

याउलट, क्षेत्रांच्या शून्यबिंदू ऊर्जेची बेरीज सरळ केली आणि गुरुत्वाचे नियम जिथे मोडतात त्या सीमेपर्यंत नेली, तर उत्तर या मोजलेल्या आकड्याच्या एकावर सुमारे १२० शून्ये इतके पट येते. वोल्फगांग पाउली यांनी फार पूर्वी, याहून कितीतरी सौम्य सीमा घेऊन, हा हिशेब करून पाहिला होता. त्यांच्या लक्षात आले, की तसे असते तर विश्व चंद्रापर्यंतही पोचले नसते. पुढे झुरिकमधल्या व्याख्यानांत त्यांनी काही अटी मांडल्या. एका जातीच्या कणांची शून्यबिंदू ऊर्जा धन असते, दुसऱ्या जातीची ऋण, आणि त्यांची वस्तुमाने विशिष्ट नात्यात असतील तर बेरजेतला अनंत भाग कटतो. या अटींकडे पुन्हा गंभीरपणे वळणाऱ्यांत वेलिंग्टनच्या व्हिक्टोरिया विद्यापीठातले मॅट व्हिसर आहेत. आमच्या लोकलच्या दुसऱ्या टोकाच्या शहरात बसून एक गणिती निर्वाताच्या या ताळेबंदावर काम करतो, हे कळल्यावर रविवारच्या मुलांना विषय एकदम जवळचा वाटू लागला.

पुण्यात हाच प्रश्न थानू पद्मनाभन यांनी आयुष्यभर धरून ठेवला. तिथल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत बसून त्यांनी २००३ मध्ये विश्वस्थिरांकावर, म्हणजे समीकरणांत निर्वाताच्या ऊर्जेची जागा घेणाऱ्या संख्येवर, जो प्रदीर्घ आढावा लिहिला, त्याच्या शीर्षकातच निर्वाताचे वजन आहे. त्यांची स्वतःची दिशा धाडसी होती. गुरुत्व ही मूळ शक्तीच नसावी, उष्णतेसारखी सूक्ष्म घटकांच्या समूहातून उमटणारी गोष्ट असावी, आणि तिची मांडणी अशी असावी की निर्वाताची ठोक ऊर्जा तिला जाणवूच नये. सप्टेंबर २०२१ मध्ये ते गेले. प्रश्न उघडाच आहे. मला विचाराल तर भौतिकीत याहून मोठा उघडा प्रश्न सध्या नाही.

आयुकाचे नाव आले की जयंत नारळीकर आलेच, आणि त्यांच्यावरचे प्रकरण लिहिताना मी सर्वात जास्त रमले. कोल्हापुरात १९३८ मध्ये जन्मलेले, बनारसला वाढलेले आणि केंब्रिजला फ्रेड हॉइल यांचे विद्यार्थी झालेले नारळीकर महाराष्ट्राला कथाकार म्हणून जितके माहीत आहेत, तितके त्यांचे ‘सी-क्षेत्र’ माहीत नाही. स्थिर-स्थिती सिद्धांतात विश्व प्रसरण पावते, पण त्याची घनता तीच राहते, म्हणजे नवे पदार्थ सतत निर्माण व्हायला हवेत. ते कुठून? टीकाकार म्हणत, शून्यातून, म्हणजे ऊर्जेच्या अक्षय्यतेचा भंग करून. हॉइल आणि नारळीकर यांनी १९६० च्या दशकात ऋण ऊर्जेचे एक क्षेत्र मांडले. पदार्थ निर्माण होताना धन ऊर्जा जमा होते तेव्हा क्षेत्राच्या खाती तेवढीच ऋण ऊर्जा पडते, आणि ताळेबंद जुळतो. ‘शून्यातून’ या उत्तरावर समाधान न मानता खाते दाखवण्याचा हा आग्रह मला मोलाचा वाटतो. त्या क्षेत्रामुळे प्रसरण वेगावायला हवे असे निघत होते, १९९८ च्या तीन दशके आधी.

सिद्धांत मात्र टिकला नाही. १९६५ मध्ये पेन्झिअस आणि विल्सन यांना आकाशभर पसरलेले सूक्ष्मलहरींचे प्रारण सापडले, आणि बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाकडे वळले. नारळीकरांनी १९९३ मध्ये हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह सुधारित मांडणी केली आणि मे २०२५ मध्ये पुण्यात निधन होईपर्यंत आपली शंका सोडली नाही. माझे मत सांगायचे तर पुरावा त्यांच्या बाजूने नव्हता. तरीही प्रश्न विचारण्याची त्यांची रीत या पुस्तकाच्या पानापानांत आहे.

प्रसरणाच्या वेगवाढीची चाहूल लागलेले दुसरे नाव या देशातले. बिएट्रिस टिन्स्ली न्यू प्लिमथला वाढल्या आणि कँटरबरी विद्यापीठात शिकल्या. १९७५ मध्ये जेम्स गन यांच्याबरोबर ‘नेचर’ नियतकालिकात त्यांनी लिहिले, की उपलब्ध पुरावे एकत्र वाचले तर विश्वस्थिरांक शून्य नसावा आणि प्रसरण वेगावत असावे. पुरावा तेव्हा कच्चा होता आणि त्यांनी तो कच्चा असल्याचे लपवले नाही. १९८१ मध्ये वयाच्या चाळीशीत कर्करोगाने त्या गेल्या. नारळीकर आणि टिन्स्ली यांचे मार्ग पूर्ण वेगळे होते. पण निर्वात निष्क्रिय नसावा या विचाराशी, तो लोकमान्य होण्याच्या खूप आधी, दोघे पोचले होते, म्हणून पुस्तकात ती दोन प्रकरणे लागून आली आहेत.

आता तत्त्वज्ञानाकडे. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाची शून्यता, ते कोरे आणि पुंजनिर्वात या तिन्हींना एका ओळीत बसवणारी पुष्कळ पुस्तके बाजारात आहेत. तिन्हींना नैयायिकाचा प्रश्न विचारून पाहा. शून्यता कशाचा अभाव? नागार्जुन स्पष्ट सांगतो: स्वभावाचा. कोणतीही वस्तू दुसऱ्या कशावर अवलंबून न राहता, स्वतःच्या बळावर जशी आहे तशी नसते. त्याचे अधिकरण रिकामी जागा नाही. अधिकरण प्रत्येक वस्तू आहे, अगदी भरलेला घटसुद्धा. हवा काढून किंवा कण काढून शून्यतेच्या जवळ जाता येत नाही. तिथे पंपाचे काम नाही.

ते कोरेबद्दल मी फार थोडे लिहिले आहे, कारण ती परंपरा जगणाऱ्यांनीच ते सांगावे. माओरी मार्सडेन हे अँग्लिकन धर्मगुरू आणि त्याच वेळी माओरी परंपरेचे तोहुंगा, म्हणजे जाणकार. त्यांनी ते कोरेकोरेला सुप्त शक्यतांचे क्षेत्र म्हटले आहे: जे अजून झाले नाही, पण होऊ शकते त्याचे. म्हणजे प्रागभाव. घडण्याआधीचे नसणे, आणि तेही वंशावळीत गुंफलेले, ज्यात आजचा माणूस नात्याने तिथपर्यंत पोचतो. अप्पर हटमध्ये ओरोंगोमाई मराए, म्हणजे माओरींची सभास्थान असलेली जागा, आहे. मराएवर जाताना आपले डोंगर, आपली नदी आणि आपले पूर्वज सांगून स्वतःची ओळख देण्याची जी रीत आहे, ती पाहिल्यावर ते कोरेचा अर्थ मला समीकरणांपेक्षा नात्यांच्या बाजूने अधिक उलगडला. त्याला पुंजनिर्वाताचे जुने नाव म्हणणे हा त्या लोकांवर अन्याय होईल.

विवेकानंदांनाही हा मेळ घालायची आस होती. फेब्रुवारी १८९६ च्या एका पत्रात ते लिहितात, की निकोला टेस्ला यांना प्राण आणि आकाश या कल्पना भावल्या आहेत, आणि द्रव्य व बळ दोन्ही सुप्त ऊर्जेत विरतात हे आपण गणिताने दाखवू शकू असे टेस्लांना वाटते. ते गणित टेस्लांकडून आले नाही. नऊ वर्षांनी आइन्स्टाइनचे आले, ते वेगळ्या प्रश्नातून आणि वेगळ्या अर्थाने. द्रव्य आणि ऊर्जा यांचे नाते त्याने सांगितले, प्राणाबद्दल काही सांगितले नाही. विवेकानंदांची तळमळ मला समजते. आपल्या परंपरेला आधुनिक ज्ञानाच्या पंक्तीत मानाने बसवण्याची ती तळमळ होती. पण तो मान परंपरेला तिच्या स्वतःच्या प्रश्नांमुळे मिळायला हवा, आणि नैयायिकांकडे तसा मान घेण्यासारखे पुष्कळ आहे.

अधिकरणाचा मुद्दा भौतिकीत शेवटपर्यंत पाठ सोडत नाही. १९७६ मध्ये विल्यम उन्रू यांनी दाखवले, की स्थिर निरीक्षकाला जो निर्वात दिसतो, तोच त्वरणाने जाणाऱ्या निरीक्षकाला उबदार प्रारणाने भरलेला दिसेल. परिणाम अतिसूक्ष्म आहे. एक केल्व्हिन ऊब जाणवायला पृथ्वीच्या गुरुत्वत्वरणाच्या कोट्यवधी कोटी पटींहूनही अधिक त्वरण हवे. तरी तत्त्व म्हणून ते हादरवणारे आहे: कणांचा अभाव ‘कुठे’ एवढे सांगून भागत नाही, ‘कोणाला’ तेही सांगावे लागते. पुस्तकातले हे प्रकरण कठीण झाले आहे. ज्यांना गणिताचा कंटाळा आहे त्यांनी त्यातली समीकरणे ओलांडून पुढे जावे, धागा तुटणार नाही.

शेवटचे प्रकरण आजच्या निरीक्षणांवर आहे, आणि ते अपुरे आहे. क्राइस्टचर्चचे डेव्हिड विल्टशर २००७ पासून म्हणत आहेत, की कृष्ण ऊर्जा, म्हणजे प्रसरणाला वेग देणारी म्हणून मानलेली ऊर्जा, मुळात नसावी. विश्व सारखे पसरलेले नाही. दीर्घिकांच्या भिंती आहेत आणि त्यांच्यामध्ये प्रचंड पोकळ्या. पोकळ्यांतली घड्याळे भिंतींतल्या घड्याळांपेक्षा जलद चालतात, आणि हा फरक हिशेबात न धरल्यामुळे आपल्याला वेगवाढीचा भास होतो. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांच्या गटाने अतिनवताऱ्यांच्या ताज्या नोंदी या मांडणीला अनुकूल असल्याचे जाहीर केले. दुसरीकडे, अॅरिझोनातल्या डेसी या उपकरणाची २०२४ आणि २०२५ मधली मोजमापे इतर निरीक्षणांशी जोडली तर कृष्ण ऊर्जा काळाबरोबर बदलत असावी असा संकेत मिळतो. शोध म्हणून मान्य व्हायला जेवढी खात्री लागते तेवढी अजून झालेली नाही. विल्टशर खरे ठरले तर १ लाख ६० हजार युनिटांचा माझा हिशेब रद्द होईल. डेसीचा संकेत पक्का झाला तर तो आकडा फक्त आजच्यापुरता राहील आणि निर्वाताची ऊर्जा स्थिर आहे हे गृहीतक कोसळेल. दोन्ही शक्यता मी प्रकरणात खुल्या ठेवल्या आहेत, आणि कोणती मोजणी कोणत्या बाजूने कौल देईल तेही तिथे लिहिले आहे, म्हणजे पुढच्या काही वर्षांत निकाल लागेल तेव्हा वाचकाला तो स्वतः वाचता येईल.

अप्पर हट, न्यूझीलंड